निम्मी नमो मारिया

पहिला अर्धा तो म्हणायचा, कोकणीत.
दुसरा मी, संगमनेरच्या मराठीत.
एकतीस वर्षं भुसावळच्या ह्या रेल्वे क्वार्टरात
मारियेने दोन भाषा एका दमात ऐकल्या,
तक्रार केली नाही.

फेब्रुवारीत त्याची उजवी बाजू गेली
आणि वाचा.
मिशनच्या सिस्टर आग्नेस म्हणाल्या, चोपन्न दिवसांची धर.
सत्तावीस दिवस मागायचं,
सत्तावीस दिवस आभार मानायचे,
मिळो न मिळो.
मी विचारलं, न मिळताच आभार?
त्या छत्री उघडून उन्हात निघून गेल्या.

पाच एप्रिलला सुरू केलं.
मागणं एवढंच, की पास्कोलने माझं नाव घ्यावं.
नाव नाही तर शिवी.
शिवीही चालेल.

संध्याकाळी सातला, कूलरमध्ये दोन बादल्या ओतून
त्याला खाटेवर उशीला टेकवायचं,
मग माळ.
पहिला अर्धा मी, दुसराही मीच.
एकटीने म्हटलेली नमो मारिया
एक चाक निखळलेल्या हातगाडीसारखी
सारखी एका अंगाला जाते.

यार्डातून मालगाडी निघायची.
पूर्वी तो खिडकीशी उभा राहून मोजायचा,
अठ्ठावन्न डबे, वर गार्डचा एक.
एकोणसाठ, म्हणजे पुरी जपमाळ, असं म्हणायचा
आणि आपल्याच विनोदाला हसायचा.
आता खिडकीशी कुणी नसतं.
गाडी न मोजताच जाते.

भंगाळेकाकू भरीत घेऊन आल्या,
ओट्यावर बसल्या, माळ संपेपर्यंत गप्प.
मग म्हणाल्या, "तुह्या मायबाईले सांग व,
माह्या गुडघ्याचं बी पाहाय म्हना."
सांगितलं. माझ्या मागण्याला जोडूनच सांगितलं.

सत्ताविसावा दिवस, गौरवाची रहस्ये.
ओठ हलले नाहीत.
लाळ आली, ती पुसली.

अठ्ठाविसाव्या दिवशी, सेहेचाळीस डिग्रीत,
माळ हातात घेऊन बसले आणि तोंड उघडेना.
कशाचे आभार, ते तरी सांग.
मग किरकोळीपासून सुरुवात केली:
पाण्याचा घोट न ठसकता गेला, त्याचे.
त्याच्या पाठीला अजून जखम नाही, त्याचे.
रात्री लाइट फक्त दोनदा गेली.
घाऊक आभार मला जमत नाहीत.

एक्केचाळिसावा दिवस. दुःखाची रहस्ये, तिसरं,
काट्यांचा मुकुट.
आदल्या रात्रीची झोप नव्हती. डोळा लागला असावा,
सहाव्या मण्यावरून बोटं थेट आठव्यावर.
खाट करकरली.
पाहते तर त्याचा डावा हात वर,
डोक्याच्याही वर, सरळ, पंजा उघडा.
हा हात मी ओळखते.
शंटिंग जमादाराचा हात, इंजिनाला दाखवायचा:
थांब.
नियमाने दोन्ही हात वर हवेत.
एकच गेला.

म्हणजे तो मोजत होता.
इतके दिवस, आतल्या आत, माझ्या मागोमाग
एकेक मणी.

मी गाडी मागे घेतली. सातवा मणी धरला.
ह्या वेळी त्याचा अर्धा त्याच्याच भाषेत म्हटला,
नोमान मोरिये, कुर्पेन भोरलेले,
चुकतमाकत, संगमनेरी जिभेने.
त्याने कपाळाला आठ्या घातल्या,
माझ्या कोकणीला नेहमी घालतो तशाच.
हात हळूहळू खाली आला.
माझा अर्धा सुरू करण्याआधी मी थांबले,
तो जिथे श्वास घ्यायचा, तेवढंच.

बाहेर गार्डचा डबा गेला.
अजून तेरा दिवस आहेत.
भंगाळेकाकूंचा गुडघा म्हणे बरा आहे.